आल्टाजवळ स्लेजच्या कुत्र्यांसोबत एक हिवाळा: पाच महिन्यांनंतरचा अनुभव

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत मी उत्तर नॉर्वेतील आल्टा गावाबाहेरच्या एका केनेलमध्ये, म्हणजे स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणारी कुत्री पाळण्याच्या ठिकाणी, मदतनीस म्हणून राहिले. ऑस्लोतील नोकरीतून बिनपगारी रजा घेतली होती आणि राहण्याचा परवाना आधीपासून होता, त्यामुळे कागदपत्रांची अडचण आली नाही. राहणे, जेवण आणि हातखर्चापुरते पैसे असा व्यवहार ठरला होता. त्या बदल्यात मालक जोडपे आणि आम्ही तीन मदतनीस मिळून 46 कुत्री सांभाळत होतो. अशा कामासाठी जाऊ इच्छिणाऱ्या काही मराठी ओळखीच्यांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जाहिरातीत ‘रोज स्लेज चालवण्याची संधी’ असे म्हटले होते. प्रत्यक्षात पहिले जवळजवळ चार आठवडे मी स्लेजला हातही लावला नाही. पुरेसा बर्फ पडेपर्यंत कुत्र्यांना इंजिन बंद ठेवलेल्या किंवा हळू चालवलेल्या चारचाकी मोटरबाईकपुढे जुंपून सराव दिला जातो आणि ती बाईक नवख्याच्या हाती कोणी देत नाही. पुढेही दिवसाच्या दहा तासांच्या कामातले दोन तास स्लेजवर गेले तर तो दिवस चांगला, असे मानावे लागे. उरलेले आठ तास म्हणजे निव्वळ गोठ्याचे काम. माझे बालपण वाईजवळच्या शेतावर गेल्यामुळे मला त्याचे फार वाईट वाटले नाही. माझ्याबरोबर आलेल्या एका मदतनिसाने मात्र नाताळपूर्वीच घरचा रस्ता धरला.

सकाळची सुरुवात शेण काढण्याने, म्हणजे कुत्र्यांची विष्ठा गोळा करण्याने होते. इथे एक उफराटा अनुभव आला. उणे 25 अंशांत ही विष्ठा दगडासारखी घट्ट होते, फावड्याच्या एका ठोशात सुटते आणि तिला वासही येत नाही. त्रास होतो तो पारा शून्यावर आल्यावर. आल्टा फ्योर्डच्या, म्हणजे आत घुसलेल्या समुद्राच्या खाडीच्या, काठावर आहे, त्यामुळे भर जानेवारीत दोन दिवस पाऊस पडून नंतर पुन्हा गोठण्याचा प्रकार आम्ही अनुभवला. सगळे अंगण काचेसारखे झाले आणि बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधल्याशिवाय बादली घेऊन चार पावले टाकता येईनात.

खाऊपिऊ घालणे हा या कामाचा खरा गाभा आहे. थंडीत कुत्रे साधे पाणी पुरेसे पीत नाही आणि बर्फ चाटून त्याची तहान भागत नाही, म्हणून कोमट पाण्यात मांस आणि चरबी घालून पातळ रस्सा करायचा आणि धावण्याच्या सुमारे दोन तास आधी तो प्रत्येकाने संपवला की नाही ते पाहायचे. मांस गोठलेल्या विटांच्या रूपात येते. ते कुऱ्हाडीने फोडावे लागते आणि उडालेले तुकडे खिशात, बाहीत, केसांत जाऊन बसतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीत वीस-पंचवीस किलोचे हे जनावर दिवसाला 10,000 कॅलरींहून अधिक जाळते, म्हणजे माणसाच्या रोजच्या गरजेच्या चार-पाचपट. त्यामुळे मालकीणबाई कुत्र्याची तब्येत डोळ्यांवरून नव्हे, तर भांड्यात काय उरले त्यावरून ओळखत. बामसे नावाच्या थोराड कुत्र्याने एका संध्याकाळी अर्धे भांडे ठेवले, तेव्हा मला ते क्षुल्लक वाटले. त्यांनी मात्र त्याला घरात घेऊन तोंड तपासले आणि तुटलेली दाढ सापडली.

त्यानंतर पायांची पाळी. बोटांमधल्या केसांत बर्फाच्या गोळ्या धरतात, खरखरीत बर्फाने तळवे सोलतात, म्हणून जाड कापडाचे छोटे मोजे घालून मनगटाशी वेल्क्रोचा पट्टा आवळायचा असतो. पट्टा सैल राहिला तर मोजा वाटेत गळतो, जास्त आवळला तर रक्त अडून पाय सुजतो. आठ कुत्र्यांचे 32 मोजे, आणि हे काम जाड हातमोजे घालून होत नाही. दोन कुत्री झाली की हात काखेत धरून उभे राहायचे, मग पुढची दोन. फेब्रुवारीपर्यंत माझ्या बोटांच्या टोकांना बधिरपणा आला होता, तो मे महिन्यापर्यंत पूर्ण गेला नव्हता. रात्री ते सगळे मोजे चुलीवरच्या दोरीवर वाळत घालणे आणि भोक पडलेले वेगळे काढणे हेही मदतनिसाकडेच असते.

ही कुत्री बहुतेक अलास्कन हस्की होती. अलास्कन हस्की ही वंशावळीची नोंद असलेली जात नव्हे. वेग, भूक आणि मजबूत पाय पाहून केलेल्या संकरातून ती घडली आहे, त्यामुळे निळ्या डोळ्यांचे झुपकेदार हस्की पाहायला आलेले पर्यटक आमच्याकडची काटकुळी, मिश्र रंगांची कुत्री पाहून थोडे हिरमुसत. बैलाला कासरा असतो, इथे तसे काहीच नसते. पुढच्या जोडीला ‘गी’ म्हटले की उजवीकडे आणि ‘हॉ’ म्हटले की डावीकडे, एवढ्यावर सारे चालते. म्हणून पुढे सर्वांत ताकदवान नव्हे, तर ऐकणारे आणि न गोंधळणारे कुत्रे लागते. ताकदवान गडी मागे, स्लेजलगत जुंपतात, कारण वळणावर धक्के त्यांना बसतात. कोवळ्या कुत्र्याला मुरलेल्या कुत्र्याशेजारी जुंपण्याची रीत पाहून मला आमच्याकडची खोंड पेरणीला लावण्याची पद्धत आठवली.

स्लेज कधीही सोडायची नाही, हा पहिला नियम. जानेवारीत मी तो मोडला. थांबल्यावर लोखंडी आकडा पायाने नीट दाबून रुतवला नाही, गुंतलेली दोरी सोडवायला खाली उतरले आणि सहा कुत्री रिकामी स्लेज घेऊन अंधारात निघून गेली. मालक स्नोमोबाईल घेऊन आले, तेव्हा सुमारे चार किलोमीटरवर दोन भूर्जवृक्षांमध्ये स्लेज अडकलेली सापडली. एकाचा कान फाटला होता, बाकी सुखरूप होती. मालक त्या रात्री मला काहीच बोलले नाहीत, आणि ओरडले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

कपड्यांबाबत सांगायचे तर आतला जाळीचा लोकरी थर हा माझा सर्वांत सार्थ खर्च ठरला. जलरोधक म्हणून घेतलेले महागडे हातमोजे मात्र तिसऱ्या आठवड्यात निकामी झाले, कारण घाम आत साठून गोठत असे. शेवटी गळ्यात दोरीने अडकवायचे मोठे मिटन (अंगठा सोडून बाकी बोटे एकत्र राहणारे हातमोजे) आणि आत पातळ लोकरी हातमोजे यांवरच निभावले. बूट नेहमीपेक्षा दोन मापे मोठे घ्यावेत, कारण दोन मोजे कोंबून पाय आवळला की तो लवकर गार पडतो. हेडलॅम्पला लिथियमच्या बॅटऱ्या लागतात. साध्या बॅटऱ्या अर्ध्या तासात मान टाकतात. वाऱ्याचाही हिशेब ठेवावा. हवा पूर्ण स्थिर असली आणि पारा उणे 20 असला, तरी ताशी 15 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्लेजवर चेहऱ्याला ती थंडी उणे 29 इतकी जाणवते.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत आल्टात सूर्य क्षितिजावर येत नाही. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो, बाकी दिव्यांवर काम. मला त्या अंधाराचा त्रास झाला तो झोपेचा, मनाचा नव्हे. आकाशात उत्तरेचा प्रकाश (ऑरोरा) दिसतो, सुंदर असतो, आणि दहाव्या रात्रीनंतर आपण मान वर न करता बादल्या भरत राहतो. त्यापेक्षा मला रात्रीच्या जेवणानंतरचे सामूहिक रुदन अधिक आवडे: एक कुत्रे सुरू करते, पाहता पाहता सेहेचाळीसही सूर लावतात आणि कोणी हात खाली केल्यासारखी सगळी एकदम थांबतात.

एक गोष्ट मला पटली नाही, ती लिहिणे आवश्यक आहे. आमच्याकडची निम्मी कुत्री आपापल्या खोपटाशी साखळीने बांधलेली असत, उरलेली जोडीजोडीने कुंपणात. रोज धावणाऱ्या जनावराला साखळीचे काही वाटत नाही, असे मालकांचे म्हणणे. पण दोन दिवस वादळ होऊन कोणीच धावले नाही, तेव्हा दोन्ही गटांतला फरक मला उघड दिसला. जाण्यापूर्वी केनेलला हे अवश्य विचारावे, आणि वय झालेल्या कुत्र्यांचे पुढे काय होते तेही विचारावे. आमच्याकडे सात म्हातारी होती, त्यांतली दोन स्वयंपाकघरातच राहत; या उत्तराने माझे समाधान झाले होते.

मार्चमध्ये आल्टातून फिनमार्क्सलोपेट ही शर्यत सुटते. 1981 पासून ती भरते आणि तिचा लांब गट सुमारे 1200 किलोमीटरचा असतो. वाटेतल्या थांब्यांवर पशुवैद्य कुत्री तपासतात आणि एकदा उतरवलेले कुत्रे पुन्हा जुंपता येत नाही. अशी उतरवलेली कुत्री गाडीत घालून आणणे हे माझे शेवटचे काम. मागच्या सीटवर गवताच्या पेंढीवर पडल्या पडल्या फ्रोया नावाची कुत्री तीनशे किलोमीटरभर कुरकुरत राहिली, दुखऱ्या खांद्यामुळे नव्हे, तर बाकीचे पुढे गेले म्हणून.

कोट परत आल्यावर तीनदा धुतला आहे. तरीही ऑस्लोच्या ट्राममध्ये एखादे अनोळखी कुत्रे येऊन उजव्या खिशात नाक खुपसते, आणि त्याच्या मालकाला मी काय सांगावे ते अजून सुचलेले नाही.