कार्ड खरं, सही खोटी

जपानमध्ये राहून जुनी तलवार घ्यायचा विचार असेल, तर माझे साडेतीन लाख येन कसे गेले ते आधी वाचा.

ऑनलाइन लिलावात एक वाकिझाशी होती. कातानापेक्षा आखूड, दोन फुटांच्या आतली. पात्यावर कोरलेली घडवणाऱ्याची सही ‘ओसाफुने सुकेसादा’ आणि सोबत सरकारी नोंदणी कार्ड, तोरोकुशो. कार्ड बघूनच मी भाळलो. सरकारी शिक्का दिसला की निम्मी शंका मिटते, ही आपली सवय तोक्योपर्यंत माझ्याबरोबर आली. खरं तर हे कार्ड एवढंच सांगतं की तलवार बाळगणं कायदेशीर आहे. प्रिफेक्चरचं, म्हणजे तिथल्या प्रांताचं, शिक्षण मंडळ ते देतं. कोणी घडवली, याची हमी त्यात नसते. त्यासाठी ‘निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई’ या संस्थेचा दाखला लागतो. तो नव्हता.

फोटो बारा. नऊ म्यान, मूठ आणि त्सुबाचे, म्हणजे मुठीपुढच्या हातरक्षक चकतीचे. पात्याच्या एकुलत्या फोटोवर फ्लॅश असा मारलेला, की हामोन, म्हणजे पाणी दिल्याने धारेलगत उमटते ती लाट, दिसेचना. मुठीत जाणारा भाग, नाकागो, त्याचा एक फोटो, तोही तिरका. शेवटच्या फोटोत कार्ड धरलेल्या हाताचा अंगठा एका रकान्यावर. अंगठ्याखाली काय आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पार्सल आल्यावर गल्लीतल्या म्हाताऱ्या तलवारवाल्या आजोबांकडे गेलो. त्यांनी बांबूची खुंटी ठोकून काढली, तलवार धरलेल्या मनगटावर दुसऱ्या हाताने हलकेच ठोसे मारले, पातं सुटलं. नाकागो दिव्याखाली धरून म्हणाले, “गंज जुना आहे, सही नवी.” अक्षरांच्या कडा अजून तीक्ष्ण होत्या आणि खाचांतला तपकिरी रंग भोवतीच्या काळपट गंजाशी जुळत नव्हता. मग कार्ड उलगडलं. सहीच्या रकान्यात ‘मुमेई’, म्हणजे बिनसहीची. नोंदणी शोवा २६ची, म्हणजे १९५१ची. त्यानंतर कुणीतरी छिन्नी चालवली होती.

विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं: ‘नो क्लेम, नो रिटर्न’ असं जाहिरातीत लिहिलं होतं. होतंच.

आजोबांनी फोटो कसे मागायचे ते सांगितलं. मूठ काढून नाकागोच्या दोन्ही बाजू, सरळ वरून, शेजारी मोजपट्टी. पातं काळ्या कापडावर, दिवा एकच आणि बाजूने. टोक जवळून. कार्ड अख्खं. नाकागो घासून चकचकीत केला असेल तर तिथेच थांबा. वयाचा पुरावा त्या गंजातच असतो.

मालकी बदलल्याची नोंद २० दिवसांत करावी लागते. कार्डाशी न जुळणारं पातं घेऊन शिक्षण मंडळाच्या कार्यालयात काय सांगायचं, या विचारात माझे १६ दिवस गेलेत.