मिरजेचा तंबोरा: घेताना काय पाहावे

२०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला मिरजेचा तंबोरा आजही हातानेच घडतो. पंढरपूरकडच्या शेतांतला जाड सालीचा कडू भोपळा आणि तूणचे लाकूड. प्रत्येक भोपळ्याचा घेर वेगळा, म्हणून प्रत्येक वाद्याचा आवाजही वेगळा. हेच मला यंत्रातल्या तंबोऱ्यापेक्षा मोलाचे वाटते.

खरी कारागिरी जव्हारीत, म्हणजे तारेचा आवाज खुलवणाऱ्या घोडीच्या घासणीत. घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा कानसीने किंचित उतरता घासलेला असतो. तारेखालचा सुती दोरा हळूहळू सरकवा: एका जागी आवाज खुलून लांब टिकला पाहिजे. चारही तारा (पंचम, दोन जोड, खर्ज) सारख्याच खुलल्या नाहीत तर पुन्हा घासून मागा, संकोच नको. पुढे तारांच्या घासण्याने घोडीवर खाचा पडतात, मग जव्हारी नव्याने काढावी लागतेच.

गळ्याचा सांधा आणि दांडीचा सरळपणा नीट पाहा. पावसाळ्यात लाकूड फुगते, तारा ताणायच्या खुंट्या अडकतात. उन्हाळ्यात त्याच सैल होऊन घसरतात, तेव्हा थोडा खडू लावावा. उन्हात ठेवू नका. भोपळा धक्क्याने तडकतो, त्यामुळे प्रवासाला कडक पेटीच हवी, कापडी गवसणी पुरत नाही. किंमत कोरीवकामाने वाढते, आवाज नाही, साधा घ्या.