शिडीचे लेव्हलर: आठ महिने वापरले, अन् एका रबरापायी डोकं फिरलं

आधीच सांगून ठेवतो, हा रिव्ह्यू शिडीचा नाही. शिडी माझी जुनीच आहे, 14 फुटी अॅल्युमिनियमची. हे उंचसखल जमिनीवर शिडी सरळ उभी राहावी म्हणून तिच्या खाली लावायच्या दोन सरकत्या पायांचं (तेच लेव्हलर) अन् वर भिंतीला टेकायला लावायच्या यू आकाराच्या दांड्याचं आहे, पूर्ण सेट 3,650 ला पडला.  ऑक्टोबरमध्ये घेतला, आता जून चालू आहे, अन् मागच्या आठवड्यात उजव्या पायाचं रबर मधातून फाटलं म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर आळसच केला असता.

घ्यायचं कारण असं की आमचा बगीचा वरूडकडे, संत्र्याचा, काळ्या मातीत. दरवर्षी व्यापाऱ्याला झाडावरचा पूर्ण माल उक्ता देऊन मोकळे व्हायचो पण यंदा भाव काही पटला नाही म्हणून आंबिया बहाराचे संत्रे स्वतः तोडायचं ठरवलं. आता झाडाच्या बुडाभोवती पाण्यासाठी खोलगट आळं असते हे कास्तकाराला सांगायची गरज नाही, शिडी लावली की एक पाय आळ्यात अन् एक काठावर, पाच-सहा इंचाचा फरक ठरलेलाच. आजपर्यंत काय करायचो, एका पायाखाली वीट नाहीतर चपटा दगड, अन् खाली एक माणूस धरायला. त्याआधीच्या वर्षी विटेवरून शिडी सरकून एका पोट्ट्याचं मनगट मोडलं होतं, 18 हजार लागले दवाखान्याचे, ते मीच दिले अन् द्यायलाच पाहिजे होते. तेव्हाच ठरवलं होतं की वीट बंद.

पहिले दोन महिने मी एकदम खुश. पायाच्या भोकात बसणारी पिन ओढायची, पाय खाली सोडायचा, टक आवाज आला की झालं, शिडी ओळंब्यात उभी. वीट शोधणं नाही काही नाही. वजन मात्र वाढलं, सगळं मिळून पाचेक किलो जास्त, दिवसभर या झाडावरून त्या झाडावर न्यायची म्हणजे खांदा बोलतो. अन् वरचा तो दांडा बगीच्यात शुद्ध डोकेदुखी, फांद्यांत अडकते, पाला तोडते, फळं पाडते. तिसऱ्याच दिवशी काढून गोठ्यात टांगून ठेवला अन् घरी म्हटलं, हजार रुपये पाण्यात गेले. दिवाळीत दोन स्टारचा रिव्ह्यू टाकलाही होता दांड्यापायी. तो आता मागे घेतो, कारण खाली सांगतो.

मे महिन्यात भाच्याचं लग्न आमच्याच घरून होतं. समोरची भिंत रंगवायची अन् लायटिंगच्या माळा लावायच्या होत्या, अन् नेमकी मधात खिडकी. साधी शिडी तिथं टेकवायची कुठं, काचेवर? तेव्हा तो दांडा आठवला. वरच्या दोन पायऱ्यांना नट-बोल्टनं कसला, खिडकीच्या दोन्ही बाजूला भिंतीवर टेकला, शिडी भिंतीपासून वीतभर दूर राहिली अन् काम करायला हात मोकळे. वरची टेक चार फूट रुंद झाली म्हणजे थोडं बाजूला वाकलं तरी शिडी वरून फिरत नाही, आधी हातभर वाकलो की जीव मुठीत यायचा. दोन दिवसांत रंगही झाला अन् माळाही लागल्या. म्हणजे दांडा घरासाठी आहे, बगीच्यासाठी नाही. हे कंपनीनं बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलं असतं तर माझे दोन स्टार वाचले असते.

आता रबरावर येतो. पायाच्या तळाला तीन इंच बाय दोन इंचाचं रबर आहे, खाली आडव्या रेघा असलेलं, बोल्टनं बसवलेलं. फाटल्यावर कस्टमर केअरला फोन लावला. पहिली बाई म्हणाली फोटो पाठवा. पाठवला. दुसऱ्या दिवशी एक पोट्टा म्हणाला, सर, रबर वेअर अँड टेअरमध्ये येते, वॉरंटीत नाही. मी म्हटलं बरं बावा, नाही तर नाही, विकत दे. तर म्हणे सुटं रबर मिळत नाही, पायाचा पूर्ण जोड घ्यावा लागेल, 940 रुपये अधिक डिलिव्हरी. आता मला सांगा, 3,650 च्या वस्तूत दोन इंचाचं रबर फाटलं म्हणून 940 रुपये? सायकलचा ट्यूब पंक्चर झाला तर काय सायकल बदलता का? पाच दिवसांत चार फोन केले, दरवेळी नवा माणूस अन् दरवेळी शून्यापासून कहाणी. एक तर मलाच विचारतो, सर, आप शिडी पे क्या काम करते हो. म्हटलं संत्रे तोडतो, तुला पाठवू का दोन किलो.

मग पाचव्या दिवशी आमचा पोरगा, बारावीतला, ते इंग्रजीचं बारीक अक्षरातलं पुस्तक घेऊन आला जे मी पहिल्याच दिवशी बॉक्ससकट माळ्यावर टाकलं होतं. त्यात चित्रच दिलं आहे. फरशीवर, सिमेंटवर काम असेल तर रबर खाली, अन् मातीत असेल तर तो तळवा पलटवून उभा करायचा म्हणजे त्याचे लोखंडी दात मातीत रुततात. म्हणजे मी आठ महिने रबरानं ढेकळं तुडवत होतो. फाटणार नाही तर काय होणार.

हे वाचून मला थोडं ओशाळल्यासारखं झालं, खोटं कशाला बोला. पण तरी म्हणतो, सुटं रबर विकायला काय जाते? चूक माझी मान्य, पण 940 मान्य नाही. शेवटी गावातल्या मोच्याकडून ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचा तुकडा कापून घेतला, दोन बोल्ट धरून 40 रुपये. कोरड्या स्लॅबवर अन् सिमेंटच्या अंगणात मस्त पकड आहे, कंपनीच्या रबरापेक्षा कमी नाही. फक्त ओल्या फरशीवर लावून पाहिला तर सरकला, तिथं वापरत नाही.

हे सगळं मी संध्याकाळी छपरीत बसून तावातावानं घरी सांगत होतो तर बायको म्हणते, "अजी, रबराचं काय घेऊन बसले, त्या पिननं तुमाले पाडलं असतं ना जानेवारीत, थे नाही लिहित?" खरं आहे, ते लिहायलाच विसरलो होतो.

जानेवारीत तोडणी झाल्यावर सल म्हणजे वाळक्या फांद्या काढायचं काम चालू होतं. आरी घेऊन आठेक फुटावर होतो, बायको खाली शिडी धरून. वाळकी फांदी ओढली अन् उजवा पाय एकदम एक भोक खाली गेला, टक नाही, ठक. इंचभरच सरकला असेल पण वर तो हातभर वाटते. आरी टाकून दिली अन् दोन्ही हातांनी खोड धरलं. उतरून पाहिलं तर ज्या भोकात पिन बसते त्यात ठिबकच्या ओलीचा चिखल भरून वाळून सिमेंटसारखा झालेला, पिन अर्धीच आत गेली होती. आवाज आला होता टक म्हणून मी निश्चिंत. तेव्हापासून सहा इंची खिळा सुतळीनं शिडीला बांधून ठेवला आहे, प्रत्येक झाडाजवळ पाय सरकवायच्या आधी भोकं कोरून घेतो, अन् पिन पूर्ण आत गेली का ते बोटानं चाचपतो, आवाजावर भरोसा नाही. घेणाऱ्यानं ही गोष्ट रबरापेक्षा मोठी धरा. मला राग रबराचा जास्त आला हा माझा स्वभाव.

आणखी एक, लेव्हलर शिडी सरळ करते, जमिनीत रुतणं थांबवत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते अन् पाणी लागलं की फुगून लोण्यासारखी होते. एप्रिलमध्ये एक पाय सरळ भेगेत गेला होता. अन् आता पहिल्या पावसानंतर लावली तर मी चढता चढता ड्रिपरच्या बाजूचा पाय दोन इंच खाली बसला. त्याला एकच इलाज, दोन्ही पायांखाली मिळून एक लांब फळी, अन् पहिल्या पायरीवर उभं राहून दोनदा दाबून घ्यायचं, मगच वर. चिखल असला तर मी चढतच नाही, फांदी काही पळून जात नाही.

कोनाचं पण सांगतो कारण गड्यांना दरवेळी सांगावं लागते. चार फूट उंचीला एक फूट बाहेर. आमचा स्लॅब साडेदहा फूट, म्हणजे शिडीचा पाय भिंतीपासून अडीच-पावणेतीन फुटावर, अन् वर शिडी स्लॅबच्या तीन फूट पुढे निघते म्हणून उतरताना धरायला राहते. टेप नसला तर शिडीच्या बुडाला आपल्या पायाची बोटं टेकवून सरळ उभं राहायचं अन् हात समोर करायचे, तळवे पायरीवर आले म्हणजे कोन बरोबर. अन् अॅल्युमिनियम आहे, त्यातून करंट जाते हे विसरू नका, आमच्या धुऱ्यावरून 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) लाईन जाते, त्या ओळीतल्या झाडांना ही शिडी लावतच नाही, तिथं वडिलांची बांबूची निसनी, अन् ती पण कोरडी असली तरच अन् लाईनपासून लांबच.

पोरगा म्हणतो युरोपात 2018 पासून मानकच आहे की नवी टेकवायची शिडी 3 मीटरच्या वर असली तर तळाला रुंद आडवी पट्टी पाहिजेच. माझ्या शिडीला ती नाही. वेल्डिंगवाल्याला विचारलं तर तो तयार होता, पण अॅल्युमिनियमला भोकं पाडून तिची ताकद कमी करायला माझं मन होईना. अन् जपानात, अमेरिकेत बगीच्यासाठी तीन पायाची शिडी वापरतात, तिसरा पाय फांद्यांमधून झाडाच्या बुडाशी टाकता येते अन् उंचसखल जमिनीवर तीन पाय डुलत नाहीत. फक्त बगीच्यासाठी घ्यायची असेल तर आधी ती पाहा, मी परत पैसे घातले तर तीच घेईन. पण ती मातीसाठी, फरशीवर तिचे पाय फाकतात, अन् मला घर अन् वावर दोन्हीला एकच वस्तू पाहिजे होती.

स्टार साडेतीन. अर्धा पिनचा कापला, एक रबराचा. कंपनीवाले वाचत असतील तर सुटं रबर विकायला ठेवा, शंभर रुपयेही देतो, पण 940 नाही. तोवर ट्रॅक्टरचा टायर चालू आहे.