एका कॉम्प्युटरात दोन चुली की एकच?

विंडोज १० ला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे बरंच आधी जाहीर झालं होतं. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची छोटी अडत पेढी आहे. तिथला डेस्कटॉप सातव्या पिढीच्या प्रोसेसरचा, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत न बसणारा. मशीन मात्र ठणठणीत. भंगारात द्यायला जीव होईना, म्हणून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम, टाकायचं ठरवलं. पेनड्राइव्ह कसा तयार करायचा, बायोसमध्ये कुठं जायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. अडतं त्याच्या पुढं: विंडोज राहू देऊन शेजारी मिंट बसवायचं, की विंडोज पुसून एकटं मिंटच? मी दोन्ही करून बसलोय. एक पूर्ण हंगाम पहिलं, त्यानंतर दुसरं.

शेजारी-शेजारीच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. चुकलं तर परतीची वाट उघडी राहते. जीएसटीचा हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे ते विंडोजवरच चालतं, आणि सीए साहेबांना तीच फाइल लागते. लग्नपत्रिका छापणारे माझे एक मित्र आहेत, त्यांची सगळी जुनी कामं श्रीलिपी या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरच्या फाँटांत. त्यांना विंडोज पुसा म्हणणं म्हणजे खिळेच वितळवा म्हणण्यासारखं आहे. मराठी टायपिंगची मात्र दोन्हीकडं अडचण नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत असेल तर बोटांना फरकही कळत नाही.

जागेची वाटणी हा किरकोळ त्रास. मिंट स्वतः २० जीबीत मावतं, पण १०० द्यावेत असं सांगितलेलं आहे. माझ्याकडं २४० ची एसएसडी, त्यामुळं दोघांनाही घर अपुरं. सामाइक फाइलींसाठी वेगळा ड्राइव्ह केला तर आणखी एक गंमत. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की ते ‘शट डाऊन’ म्हटलं तरी पुरतं बंद होत नाही, आणि मग मिंटमध्ये तो ड्राइव्ह फक्त वाचायला उघडतो, नाहीतर उघडतच नाही. ते सेटिंग बंद केलं की मिटलं. अशा गोष्टींचं मला फारसं वाटत नाही.

मला कावून सोडलं ते घड्याळानं.

मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज त्यात स्थानिक वेळ लिहितं. लिनक्स धरून चालतं की त्यात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे, आणि आपल्यासाठी त्यात साडेपाच तास मिळवतं. दोघांपैकी चूक कुणाचीच नाही, घरोघरची रीत वेगळी. पण विंडोजमधून उठून मिंटमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास पुढं. नेट असलं तर ते थोड्या वेळात स्वतःला सावरतं, म्हणून पहिले काही आठवडे माझ्या हे लक्षातच आलं नाही.

ऐन हंगामात एका संध्याकाळी नेट गेलं होतं. दुपारभर विंडोजमध्ये हिशेब केला, सात वाजता मिंट चालू करून पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे विक्रीच्या हिशेबाचे कागद, काढल्या. पट्टीवर तारीख आपोआप येते. संध्याकाळी साडेसहाला साडेपाच तास मिळवले की मध्यरात्र, हे तेव्हा कुणाला सुचतंय! हमाली, तोलाई सगळं बरोबर. मिरज तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पट्टी दिव्याखाली धरली आणि म्हणाला, “अण्णा, ही तर उद्याची हाय की वो. पैसं आज देतायसा न्हवं?” सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर अकरा पट्ट्यांवर पेनानं तारीख खोडून सह्या केल्या. अडतीच्या धंद्यात खाडाखोड केलेली पट्टी कशी दिसते, ते यार्डातल्या माणसाला सांगायला नको.

उपाय आहे. मिंटला एका ओळीत सांगता येतं की त्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं समज. मी सांगितलं. त्यानं ऐकलं, पण ही पद्धत पूर्णपणे सांभाळता येणार नाही असा इशाराही दिला. उलट विंडोजला रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगांत, जाऊन यूटीसी शिकवता येतं. तुम्हाला अशा दुरुस्त्यांची हौस असेल तर शेजारी-शेजारी खुशाल करा, कदाचित तुमचं काही बिघडणारही नाही. माझं मात्र मन उडालं. रोज पट्टी काढण्याआधी मनगटाकडं बघायची सवय लागली होती.

हंगाम संपल्यावर फाइली दोन ठिकाणी उतरवून घेतल्या आणि सगळं पुसून मिंट एकटं बसवलं. जुनं विंडोज व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरातच दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मिंटच्या पोटात ठेवलंय. त्याला नेट दिलेलं नाही, घड्याळही बाहेरून मिळतं. रॅम ८ जीबी आहे म्हणून जमतं, ४ असती तर हे सुचवलं नसतं. हिशेब पूर्वीपेक्षा जरा सावकाश उघडतो, पण त्यासाठी मशीन बंद-चालू करावं लागत नाही. सीए साहेबांना काही फरक कळलेला नाही.

माझा भाचा विश्रामबागेत राहतो. त्यानं अजून दोन्ही ठेवलेत, आणि तो मला भित्रा म्हणतो. गेल्या आठवड्यात त्याच्याकडं गेलो तेव्हा वीज नुकतीच आली होती, राउटरचे दिवे अजून लुकलुकत होते. भिंतीवरच्या घड्याळात सव्वासात वाजले होते, स्क्रीनवर पावणेएक. मी काही बोललो नाही, चहा घेतला.