नारिंगी सिलिका जेल, अर्धा किलो: माल पाच स्टारचा, पॅकिंग दोनचं

मी चिपळूणला लग्नाचे फोटो काढतो. पाऊस लागला की सीझन बसतो आणि कॅमेरे पेटीत जातात. जुलैत आमच्याकडे भिंतीलासुद्धा ओल येते, लेन्समध्ये फंगस धरायला आणखी काय हवं? म्हणून हवेतला दमटपणा शोषणारे हे सिलिका जेलचे दाणे ऑनलाइन मागवले.

माल चोख आहे. झाकणाला रबर असलेल्या मोठ्या डब्यात जाळीच्या पिशवीतून दाणे ठेवले, शेजारी छोटा हायग्रोमीटर. आधी ८५ टक्के दमटपणा दाखवणारा काटा दुसऱ्या दिवशी चाळिशीत. फंगसला साधारण साठच्या वर लागतो, म्हणजे काम झालं.

राग आहे तो पाकिटावरच्या चित्राचा. चक्क स्पंज छापलाय! अहो, स्पंज पाणी पितो, फुगतो, पिळला की गळतो. हा दाणा भरला तरी हाताला कोरडाच. तो आतून अतिसूक्ष्म भोकांनी पोखरलेला असतो. एका ग्रॅममधल्या त्या भोकांच्या भिंती उलगडल्या तर साधारण ७०० चौरस मीटर भरतात, म्हणजे जवळजवळ सात गुंठे! हवेतली वाफ त्या भिंतींवर पातळ थर धरून चिकटते. भिंती भरल्या की दाणा हिरवा पडतो आणि काम थांबतं. तापवला की थर सुटतो, दाणा पुन्हा नारिंगी. एवढं पाकिटावर छापलं असतं तर लोकांनी हिरवे दाणे कचऱ्यात टाकले नसते.

ताटात पातळ पसरून ११०-१२० अंशांवर दोनेक तास ओव्हनमध्ये ठेवा. जास्त तापवलेत तर रंग जळतो, मग भरलेत की रिकामे ते कळणार कसं? बाहेर काढल्यावर लगेच बरणीत बंद करा. उघड्यावर निवत ठेवलेत तर पावसाळी हवा तिथेच नवा थर चढवायला लागते.

निळे दाणे स्वस्त पडतात, पण त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. घरात लहान मुलं आहेत, मला नकोच.

पॅकिंगचे स्टार कापले कारण साध्या प्लास्टिकच्या पिशवीला चिकटपट्टी मारून पाठवलंय. वरचे दाणे वाटेतच हिरवे. भर पावसात दमटपणा शोषणारी वस्तू अशी पाठवतात का?

मागवायचे तर मे महिन्यातच मागवा आणि आधी डब्याचं रबर तपासा. फट राहिली तर अख्खं कोकण वाळवत बसाल.