बॉब नाइटवरचं पुस्तक पुन्हा वाचलं: पाचपैकी चार तारे

जॉन फाइनस्टाइनचं ‘अ सीझन ऑन द ब्रिंक’ मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्वतः बास्केटबॉल खेळत होते आणि नाइटचा भयंकर राग आला होता. आता मुलींचा संघ बघते, गळ्यात शिट्टी असते. या खेपेला दोन-तीन पानांवर माझीच मला लाज वाटली.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचा बास्केटबॉल प्रशिक्षक बॉब नाइटने १९८५-८६ चा अख्खा मोसम या पत्रकाराला आत येऊ दिलं. सराव, बैठका, ड्रेसिंग रूम, सगळीकडे. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच, फेब्रुवारी १९८५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात त्याने लाल खुर्ची कोर्टवर भिरकावली होती. पण हा नुसता खुर्ची फेकणारा माणूस नव्हे. १९७६ मध्ये त्याच्या संघाने ३२ पैकी ३२ सामने जिंकून अमेरिकेतल्या कॉलेज संघांचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, १९८१ मध्ये पुन्हा. १९८४ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकाच्या वेळी मायकल जॉर्डनच्या संघाचा कोचही तोच.

पुस्तक खरं जिवंत होतं ते नाइटच्या संघातल्या डॅरिल थॉमसपाशी. हा मुलगा मवाळ खेळतो म्हणून नाइट त्याला सगळ्यांदेखत फाडून खातो, आणि त्यासाठी शिवी कोणती निवडतो, तर बाईच्या अवयवाची. दुसऱ्या दिवशी त्यालाच जवळ बोलावून समजावतो, की हे सगळं तुझ्या भल्यासाठी. शिवी मी कधी दिली नाही, पण हे दुसऱ्या दिवशीचं गोड बोलणं? ते केलंय. समोरची मुलगी मान हलवत होती आणि मला वाटलं, पटलं तिला.

शिव्या जशाच्या तशा छापल्या म्हणून नाइट लेखकावर चिडला होता म्हणे. घ्या!

एक तारा कापला तो मधल्या भागासाठी. एकामागून एक सामन्यांची वर्णनं येत राहतात, मी सरळ पानं उलटली. लेखक नाइटला जरा जास्तच समजून घेतो, हीही तक्रार आहे. अर्थात पुढचं त्याला कुठून दिसणार! १९९७ च्या सरावात नाइटने एका खेळाडूचा गळा धरला, ती चित्रफीत २००० मध्ये टीव्हीवर आली आणि त्याच सप्टेंबरात इंडियानाने त्याला काढलं. नंतर टेक्सस टेक विद्यापीठाचा संघ, आणि २००८ मध्ये थांबला तेव्हा खात्यावर ९०२ विजय.

पुस्तकातला मोसम राष्ट्रीय स्पर्धेत क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाकडून पहिल्याच फेरीत हरून संपतो. पण पुढच्या वर्षीच्या, १९८७ च्या अंतिम सामन्याची शेवटची काही सेकंदं जरूर शोधून बघा. इंडियानासमोर सिरॅक्यूज विद्यापीठ, तेच एका गुणाने पुढे. चेंडू आत थॉमसकडे येतो, अंगावर बचावपटू. तो ओढूनताणून शॉट मारत नाही, बाहेर आपल्याच संघातल्या कीथ स्मार्टला पास देतो. स्मार्ट उडी घेतो, चेंडू जाळीत. ७४-७३.

हा तुकडा मी मुलींना दाखवते. दरवर्षी एक तरी विचारतेच, “मॅडम, त्याने स्वतः का नाही मारला?”