मेजी काळातील शिप्पो फुलदाणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

जपानमधील नागोया परिसरात मेजी काळाच्या (१८६८–१९१२) उत्तरार्धात घडलेली ही वीतभर उंचीची फुलदाणी गेले काही महिने माझ्या अभ्यासिकेत आहे. शिप्पो हे तांब्याच्या भांड्यावरचे मिनाकाम होय. जयपुरी मिन्यासाठी धातू कोरून खळगे करतात. येथे मात्र बारीक तारेची नक्षी चिकटवून, तिच्या घरांत रंगीत काचेची पूड भरून भांडे पुन्हा पुन्हा भट्टीत भाजतात आणि शेवटी घासून गुळगुळीत करतात.

या फुलदाणीतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिच्यावरची मोकळी जागा. गडद निळ्या पृष्ठभागावर निळसर जांभळ्या फुलांचा एक घोस आणि दोन फुलपाखरे आहेत, बाकी काहीच नाही. १८३०च्या दशकात ओवारी (नागोयाभोवतालच्या) प्रांतातील काजी त्सुनेकिची यांनी परदेशी नमुना उकलून ही कला नव्याने उभी केली, तेव्हाचा मिना निस्तेज असे आणि तारेच्या आधाराविना मोठ्या भागावर नीट टिकत नसे, त्यामुळे पार्श्वभूमीही वेलबुट्टीने भरावी लागे. १८६८ मध्ये जपानला आलेले जर्मन रसायनतज्ज्ञ गॉटफ्रीड वागनर आणि क्योतोचे नामिकावा यासुयुकी यांच्यासारखे कारागीर यांच्या प्रयोगांतून चकचकीत, पारदर्शक मिने आले आणि तारांची गर्दी ओसरली. शिवाय १८७३च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनापासून सरकारनेच अशा वस्तूंच्या निर्यातीला जोर दिला होता. म्हणूनच अशा फुलदाणीला विक्रेते ‘प्राचीन परंपरेची’ म्हणतात, तेव्हा त्या काळातील प्रयोगशीलतेवर अन्याय होतो, असे मला मनापासून वाटते.

सकाळच्या तिरप्या उजेडात तारेची जाडी पाकळीच्या कडेवर बदलत गेलेली दिसते. दिव्याखाली ती बारकाई हरवते, म्हणून मी फुलदाणी खिडकीपासून थोडी आत, पण दिवसाचा प्रकाश पोहोचेल अशा जागी ठेवली आहे. आत पाणी थेट न ओतता काचेची नळी बसवते आणि एखाददुसरीच काडी ठेवते. मान अरुंद असल्याने अधिक फुले मावतही नाहीत. चांदीची कड पावसाळ्यात काळवंडली. ती कोरड्या मऊ कापडाने पुसते, पॉलिश लावत नाही.

मुंबईकरांनी खरेदीपूर्वी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा संग्रहातल्या जपानी वस्तू निवांत पाहाव्यात. फुलदाणी हातात घेतल्यावर प्रकाश तिरपा पाडून पृष्ठभाग तपासावा: राळ भरून दुरुस्त केलेला भाग भोवतीच्या मिन्यापेक्षा मंद दिसतो, आणि तडकलेला मिना पूर्ववत होत नाही.